कवळ्याचं बी पडेपर्यंत

चांगुणाकाकी, माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी तुझं नाव घेतो. आईचंसुद्धा नंतर. आईला हे माहीत आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. ती म्हणते, मी जन्म दिला, पण तळवलीच्या बाईने तुला माणसांत बसवलं.

हे लिहितोय तेव्हा तुझा दहावा व्हायचा आहे. माळाच्या वरच्या अंगाला गवत कापून पडलंय. दुपार कलली की घाटाच्या बाजूने काळं भरून येतं, गडगडतं, आणि अजून तरी न पडता निघून जातं. पडलं तर ते गवत कुजेल. मग म्हशींचंही गेलं आणि फुलांचंही. हे असं का झालं ते तुला सांगायलाच हवं, कारण त्या माळावरून आपलं भांडण चालू होतं आणि तू ते अर्धवट टाकून गेलीस.

मी भूमहून आलो तेव्हा कळंबोलीला मामाच्या खोलीवर राहायचं ठरलं होतं. मामा लोखंड बाजारात ट्रकवर होता. त्याची गाडी लांबच्या फेरीला लागली, त्याने खोली सोडली आणि मला कळवायचं राहून गेलं. त्याच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने मला तुझ्या गोठ्यावर आणून सोडलं. तू माझ्याकडे बघितलंस, मग माझ्या पत्र्याच्या पेटीकडे.

"म्हशीला घाबरतंस काय?"

"नाही."

"मग रहा."

एवढीच माझी मुलाखत. पेंढ्याच्या खोलीत खाट टाकलीस. पहाटे शेण काढायचं, म्हशी धुवायच्या आणि मग नेरूळला कॉलेजला जायचं. पहिले काही दिवस मी तुला 'तुम्ही' म्हणत होतो. तू बादली खाली ठेवून विचारलंस, "तुमी-तुमी काय लावलंस? मी काय तलाठी हाय? काकीला कोन तुमी बोलतं?" तेव्हापासून तू. मी मात्र तुझ्यासाठी 'घाट्या' होतो. पुढे कॉलेजातच शिकवायला लागलो तेव्हा 'मास्तर' झालो. राग आला की पुन्हा घाट्या.

कॉलेजात माझ्या बाकावर कुणी बसत नसे. कपड्यांना गोठ्याचा वास यायचा. हे मी तुला सांगितलं नव्हतं, पण मला पुन्हा पुन्हा अंघोळ करताना तू बघितलंस.

"वास येतो म्हनून कुनी नापास करतं काय?"

मी नाही म्हटलं.

"मग पानी कशाला फुकट घालवतंस? म्हशीवर ओत."

दुसऱ्या दिवशी माझे कॉलेजचे कपडे गोठ्यातल्या खुंटीवर नव्हते. ते तुझ्या घरातल्या कपाटात, तुझ्या मुलाच्या, अनंतदादाच्या शर्टांशेजारी घडी करून ठेवलेले होते.

पदवी मिळाली तेव्हा आई भूमहून आली आणि गोठ्याच्या दारातच तुझ्या पाया पडली. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. तू तिला दंडाला धरून उठवलंस. "उठ गो. पोरगा तुझा, राबला माझ्या गोठ्यात. पाया पडायचं तर मी पडायला पायजे." मग दोघी चहा पीत बसलात. दोघींची भाषा दोघींना अर्धीच कळत होती, तरी संध्याकाळपर्यंत माझ्या तक्रारी करण्यात अडचण आली नाही.

माळाचं वेड मला तिथेच लागलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला वनस्पती वर्तमानपत्रात दाबून, वाळवून न्यायच्या होत्या. मी तुझ्या माळावरच्या आणल्या. तू शेजारून तुझ्या चुलतदिरांना बोलावलंस. "जोमा, बघ रं. पेपरात गवत दाबलं की डिगरी देतात. आपन जलमभर दाबतो, आपल्याला कोन देत नाय."

खाडीकडची तुमची भातखाचरं सरकारी संपादनात गेली होती. डोंगराच्या पायथ्याचा हा माळ तेवढा उरला होता. म्हशींना हिरवं मिळायची तेवढीच जागा. दर उन्हाळ्यात कुणीतरी काडी टाकायचं, माळ जळायचा आणि जळल्या जागी रानमोडी माजायची, जिला म्हशी तोंड लावत नाहीत. मी शिकवायला लागेपर्यंत माझ्या त्या वर्तमानपत्रांतल्या कितीतरी वनस्पती माळावर सापडेनाशा झाल्या होत्या. मी तुला म्हटलं, आपण माळ पुन्हा पहिल्यासारखा करू. गवतात फुलं असली की गवताचा कस वाढतो.

"फुलं खाऊन म्हशी गजरा देतील काय?"

मी कवळ्याचं सांगायला लागलो. पिवळ्या फुलाचं ते छोटं रोपटं डाळींच्या कुळातलं, त्यामुळे वैरणीत ते असलं की... तू हात वर केलास. "ते मना नको शिकवू. कवला टाकला की चंद्री म्हैस भांडं भरते. ते मना चंद्रीनं सांगितलंय. तो परत कसा आनायचा ते सांग."

ते मला सांगता आलं. तिथे माझं शिक्षण उपयोगी पडलं याचा मला अजून आनंद होतो. आपण रानमोडी फुलायच्या आधी मुळासकट उपटली. हात सोलून निघाले. थंडी संपायच्या आत माळाच्या कडेने गवत काढून मातीचा पट्टा मोकळा केला, म्हणजे वणवा आत येणार नाही. पनवेलच्या बाजूच्या एका डोंगरावरून बियांनी भरलेलं गवत टेम्पोत आणून माळावर पसरलं, तेव्हा जोमाकाका म्हणाले, "चांगुनी गवतावर गवत घालते. आता पान्यात पानी ओतंल." पावसाळ्यात म्हशी माळावर न्यायच्या नाहीत, कापणी झाली की मात्र सोडायच्याच, असं ठरवलं. म्हशी कायमच्या बंद केल्या असत्या तर उंच गवताखाली फुलं दडपली असती. मोकाट सोडल्या असत्या तर फूल उरलं नसतं. सहा-सात वर्षांत माळ भाद्रपदात पिवळा व्हायला लागला. कवळा, सोनकी, कडेला तेरडा. गौरीसाठी तेरडा शोधत बायका घणसोलीच्या बाजारात जायच्या, त्या तुझ्या दारात यायला लागल्या. तू त्यांना ओरडायचीस आणि द्यायचीस.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधी जमलं नाही. कापायचं कधी?

तुझं म्हणणं, दसऱ्याच्या आत. माळावर कुसळी गवतही आहे. ते पिकलं की त्याची टोकदार कुसळं म्हशींच्या तोंडात रुततात. माझं म्हणणं, दिवाळीपर्यंत थांबू, कारण तोवर कवळ्याच्या शेंगा पिकत नाहीत. दरवर्षी आपण भांडून मधला कुठला तरी दिवस काढायचो. गेल्या वर्षी मी जिंकलो आणि चंद्रीच्या जिभेखाली कुसळ गेलं. जखम चिघळली. ती गव्हाणीकडे बघायची आणि मान फिरवायची. तू तिचं तोंड धरून मला आत बघायला लावलंस. "बघ. तुझी फुलं हितं उगवलीत."

यंदा तू ऐकायला तयार नव्हतीस. मी म्हटलं, कवळा वर्षाचा पाहुणा आहे, बी पडलं तरच परत येतो. तू म्हणालीस, "म्हशी हायत तवर माळ हाय. म्हशी उठल्या की अनंता हितं गाड्या उभ्या करंल." ते खोटं नव्हतं. कळंबोलीचा एक ट्रान्सपोर्टवाला माळाच्या सपाट भागासाठी अनंतदादाला सारखा फोन करतो. म्हशी गेल्या तर माळ कापणारं कुणी राहणार नाही, आणि न कापलेल्या माळावर फुलंही राहणार नाहीत. म्हणजे तुझ्या म्हशी उपाशी ठेवून मला काहीच वाचवता येणार नव्हतं. हे मला कळत होतं, तरी मी हट्ट सोडला नाही. शेवटी मी विचारलं, "मग थांबायचं की नाही?" तू म्हणालीस, "बघू." आणि त्या आठवड्यात तुला दवाखान्यात न्यावं लागलं.

शुक्रवारी तू गेलीस. परीक्षेची सुपरव्हिजन दुसऱ्याकडे देऊन मी आलो, तुला खांदा दिला आणि परत गेलो. रविवारी सकाळी राख सावडून झाल्यावर गोठ्यावर आलो तर दारात विळे आणि दोर पडलेले. तुझी सून, वनितावहिनी, उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी विचारलं, हे कशाला?

"भावकी माळावर गेली, भाऊजी. म्हशींसाठी. मागून अजून माणसं यायचीत, त्यांचे हे विळे."

मी जवळजवळ धावतच वर गेलो. तुझ्या आजारपणात वैरणीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गेल्या वर्षीचा पेंढा संपला होता आणि नवा भात अजून उभा होता. म्हशी दोन दिवस उरल्यासुरल्यावर होत्या. हे मला माहीत असायला हवं होतं. भावकीला माहीत होतं. माळाच्या खालच्या टोकाला दहा-बारा बायका-पुरुष पदर खोचून, टॉवेल बांधून रांगेत उभे राहत होते, आणि त्यांच्यासमोर माळ पिवळाधमक होता. कवळ्याच्या खालच्या शेंगा भरत होत्या. वर अजून फुलं होती.

"काका, जरा थांबा," मी जोमाकाकांना म्हटलं.

"का रं मास्तर? सुतकाच्या घरात चूल पेटत नाय. आपन जेवन आनतो. मग म्हशींना कोन आननार? त्यांची पन आई गेली."

मी तरी म्हटलं, "तीन आठवडे थांबता आलं तर बी पडेल. तोवर मी बाजारातून कडबा आणतो."

"चांगुनीच्या म्हशी बाजारचं खातील? ते बी सुतकात?" कुणीतरी हसलं. जोमाकाका हसले नाहीत. "मास्तर, तू तीन दिस उपाशी रहा, मग तीन आठवडे बोल."

"बाजूला व्हा, मास्तर, विळा लागंल," एक बाई म्हणाली. तिचा आवाज वाईट नव्हता. मी बाजूला झालो नाही. लोकांच्या दुःखात पाय रोवून उभा राहिलेला, बाहेरून आलेला माणूस मी आहे, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एकाने अनंतदादाला फोन लावला.

अनंतदादा वर आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "मला फुलांचं काही कळत नाही. एवढंच सांग. आई तुला हो बोलली होती का? बोलली असेल तर एक काडी कापू देणार नाही. म्हशींचं मी बघतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकी, मला त्या वेळी फक्त मान हलवायची होती. तिथे मला खोटं पाडणारं कुणी नव्हतं. आपण दोघंच भांडायचो, गोठ्यात, धारेच्या वेळी, त्यामुळे साक्ष म्हशींचीच. माळ वाचला असता. म्हशींनाही अनंतदादाने काहीतरी आणून घातलं असतं. 'हो' हा शब्द माझ्या तोंडात आला होता.

"नाही," मी म्हटलं. "बघू म्हणाली होती."

"बघू म्हणजे नाहीच तिचं," अनंतदादा म्हणाला.

"तसं नाय," जोमाकाका म्हणाले. "नाय असतं तर ती नायच बोलली असती. आख्ख्या तळवलीला ऐकू आलं असतं." यावर रांगेतल्या बायका हसल्या, आणि हसताहसता त्यांतली एक रडायला लागली.

मग अनंतदादा म्हणाला, "कापा. तिच्या म्हशी उपाशी नकोत."

मला 'बाजूला व्हा' म्हणणाऱ्या बाईच्या हातातून मी विळा मागून घेतला. पहिला विळा मी लावला. कवळा कापताना त्याचा वास येतो, ओल्या शेंगदाण्यासारखा. तो तुला ठाऊक आहे.

थोडं कापून झाल्यावर मी एकच गोष्ट मागितली. कुसळ पिकायच्या आत वरचा पट्टा कापू, पण उचलू नका. जागेवरच वाळू द्या. मी रोज उलटवीन. पिकत आलेलं बी तिथंच गळेल.

"आनि पाऊस आला तर?" जोमाकाकांनी विचारलं. "फुलं बी गेली नि वैरन बी."

मी म्हटलं, हो, तसं होऊ शकतं.

अनंतदादाने डोंगराकडे बघितलं. "खालचं हिरवं आज न्या. वरचं दहाव्यापर्यंत पडू दे. दहाव्याला सगळे येतीलच, तेव्हा उचलू." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुजलं तर मात्र पुढच्या वर्षी मला माळाचं काही विचारू नकोस."

त्या दिवशी चंद्रीने पोटभर खाल्लं. वनितावहिनी गव्हाणीपाशी उभ्या राहून बघत होत्या. मीही बघत होतो. त्या घडीला मला माळाची आठवण नव्हती, हे तुला सांगतो.

तेव्हापासून मी कॉलेज सुटलं की येतो आणि दाताळ्याने गवत उलटवतो. पिकलेली शेंग हात लावला की तुटून खाली पडते. कोवळी पडत नाही, काळी पडून देठालाच सुकते. दोन्ही दिसतायत. जास्त कुठली, ते अजून सांगता येत नाही. काल अनंतदादा आला आणि दुसऱ्या टोकाने उलटवायला लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "कळंबोलीवाल्याचा फोन आला होता."

"काय सांगितलंस?"

"दहावा होऊ दे, बोललो."

मी दाताळं पुन्हा गवतात घातलं. वर गडगडत होतं.

मी खोटं बोलायला हवं होतं का, हे मी रोज उलटवताना विचारतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, घाट्या, आता गवत उलटव, झालेलं काय उलटवतंस. पण मला एवढं कळतं की तुझ्याशी भांडणं मला आवडायचं. तू मला शिव्या दिल्यास, पण मी न बोललेलं कधी माझ्या तोंडी घातलं नाहीस. तुझ्या तोंडी मी कसं घालू?

दवाखान्यात पाठवलेलं माझं पत्र वनितावहिनींनी मला परत दिलं. त्यांनी ते तुला वाचून दाखवलं होतं. तू शेवटपर्यंत ऐकलंस, म्हणाल्या, आणि मग विचारलंस, म्हशींना पाणी दाखवलं का. मला तुझं उत्तर मिळालं नाही. माझं म्हणणं तेवढं तुला मिळालं. ते हे:

काकी,

दवाखान्यात एका वेळी एकालाच आत सोडतात आणि तो मान आधी अनंतदादाचा, मग वहिनींचा. फोनवर तू मध्येच ठेवून देतेस. म्हणून लिहितोय. वहिनी वाचून दाखवतील. त्यांना मध्ये थांबवू नकोस.

काल माळ बघून आलो. कवळा अजून फुलावर आहे, खालच्या शेंगा भरायला लागल्यात. कुसळ वरच्या अंगाला दिसतंय, खाली गवत मऊ आहे. चंद्री बरी आहे. जोमाकाका धार काढताना गाणं म्हणतात म्हणून ती दूध चोरते, असं त्यांची सून म्हणते.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं समजू नकोस. चंद्रीचं तोंड मीही बघितलंय. पण म्हैस भाकड गेली तर पुढच्या वर्षी विते. कवळ्याचं एक साल गेलं की गेलं.

तू 'बघू' म्हणालीस. मला हो किंवा नाही पाहिजे. हो म्हणालीस तर बी पडेपर्यंत म्हशींची वैरण माझ्याकडे. नाही म्हणालीस तर पहिला विळा मी लावीन, आणि तोंड पाडून लावणार नाही. माळ तुझा आहे. मी तिथं शिकलो. बाकी जिथं कुठं शिकलो, तेही तुझ्यामुळे. हे समोर बोललो असतो तर तू बादली उचलून निघून गेली असतीस. आता ऐकून घे.

परीक्षेची ड्यूटी शनिवारी संपते. रविवारी सकाळी येतो. तोवर कुणाला विळा लावू देऊ नकोस.

संपत